चार गावांचा मिळून एक टेम्पो

आज दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यात प्लॅस्टिक कचऱ्याच्या गोण्या टेम्पोत चढवताना खूप बरं वाटलं. गोण्या आमच्या, मुर्डीच्या, केळशीच्या आणि हर्णैच्या. टेम्पो हर्णैच्या एका मासळीवाल्या दादांचा, वजनकाटा केळशीच्या बचत गटातल्या ताईंचा.

पाण्याच्या बाटल्या वजनाला काहीच नसतात, पण जागा किती खातात! एकट्या गावाने गाडी केली तर सगळे पैसे भाड्यातच जातात. चार गावांचा माल एकत्र झाला की भंगारवाला स्वतःहून विचारतो, पुढची खेप कधी?

मुर्डीच्या काकींनी मुलांना बादलीत गंमत दाखवली. बाटलीचा कापलेला तुकडा तळाला गेला, झाकण मात्र वर तरंगत राहिलं. बाटली पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची, झाकण वेगळ्या प्लॅस्टिकचं, म्हणून पिशव्याही वेगळ्या. मग पोरांनी भराभर झाकणं काढली, बाटल्या पायाखाली चेपल्या.

तुटक्या जाळ्यांचं काम जास्त किचकट. नायलॉनचं जाळं वितळवून त्याचा पुन्हा धागा होतो, पण दोर आणि बोये (जाळं तरंगत ठेवणारे गोळे) आधी सोडवावे लागतात. आम्ही गाठींशी झटापट करत बसलो होतो. हर्णैचे दोन खलाशी आले आणि नुसत्या हातांनी एकेक वेगळं करत गेले. ही जाण आपल्याच किनाऱ्यावर आहे, तिला मान मिळायला हवा.

वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना अजून गिऱ्हाईक नाही. ती वेगळी बांधून ठेवलीत.

पावसाआधी माल ठेवायला कोरडी पडवी हवी आहे. पाडले किंवा आडे भागात कुणाकडे असेल तर नक्की कळवा.