साठ टक्क्यांवर थांबा

समुद्री जिवाणूंचं एस्टरेज, म्हणजे एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेलं संयुग) तोडणारं एन्झाइम, वापरायला नाशिकला समुद्राची गरज नाही. डहाणू-बोर्डीचा गाळ एकदा आणला की पुढचं काम सातपूरच्या छोट्या प्रयोगशाळेतही होतं. झोबेल मरीन आगरमध्ये (समुद्री जिवाणू वाढवायचं माध्यम) १ टक्का ट्रायब्युटिरिन हा एस्टर घालून प्लेट २८ अंशांना ठेवायची. वसाहतीभोवती पारदर्शक कडं आलं की एस्टर तुटतोय एवढंच कळतं. डाव्या-उजव्या, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेल्या रेणूंत एन्झाइम फरक करतं का, हे ते कडं सांगत नाही, आणि बरेच जण तिथेच फसतात.

ते बघायला १०० मिलिग्रॅम रेसेमिक (डावे-उजवे रेणू निम्मे-निम्मे असलेला) १-फिनाइलइथाइल अ‍ॅसिटेट हा एस्टर घ्या. १० मिली फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण; ५० मिलिमोलर, पीएच ७.५), ३ टक्के मीठ आणि एन्झाइम घालून २५ अंशांना ढवळा. निम्मा एस्टर तुटेपर्यंत ०.३ मिलिमोल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं. तेवढ्यात बफरची ताकद जवळपास संपते, पीएच ६ च्या आसपास घसरतो, वेग मंदावतो आणि दोष विनाकारण एन्झाइमला लागतो. म्हणून ०.१ नॉर्मल कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) थेंबाथेंबाने घालून पीएच ७.५ वर धरा. एकदम ओतलं तर कॉस्टिक स्वतःच दोन्ही रेणू सरसकट तोडतं. उकळून निकामी केलेल्या एन्झाइमचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग, लावलाच पाहिजे.

लागलेलं कॉस्टिक हेच मोजमाप: ३ मिली म्हणजे ५० टक्के, ३.६५ मिली म्हणजे ६० टक्के रूपांतर. कुठे थांबायचं, हा मला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. ई.ई. म्हणजे एका रेणूचं दुसऱ्यावरचं आधिक्य. ९०:१० मिश्रणाचं ते ८० टक्के. एन्झाइमची निवडकता, म्हणजे एक रेणू ते दुसऱ्यापेक्षा किती पट वेगाने तोडतं ते ई-मूल्य, २० असेल तर ५० टक्क्यांवर उरलेला एस्टर आणि तयार झालेलं अल्कोहोल दोन्ही साधारण ७९ टक्के ई.ई.चे, म्हणजे कामाचे नाहीत. तीच प्रक्रिया ६० टक्क्यांपर्यंत नेली की उरलेला एस्टर ९८ टक्क्यांवर पोचतो. हाती ४०च मिलिग्रॅम राहतात, पण शुद्ध. अल्कोहोल मात्र ६५ टक्क्यांवर घसरतं; तेच हवं असेल तर लवकर थांबा, किंवा जास्त निवडक एन्झाइम शोधा.

एस्टर आणि अल्कोहोल इथाइल अ‍ॅसिटेटने तीनदा काढताना प्रथिनांमुळे घट्ट इमल्शन (दोन द्रवांचं न सुटणारं मिश्रण) होतं. ते न हलवता सेंट्रिफ्यूज करा. उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. थंड पाण्यातल्या जिवाणूंची बरीच एन्झाइमं त्या तापमानाला मोडतात, तेव्हा वॉटर बाथ हवाच.

ई.ई. मोजायला डावे-उजवे रेणू वेगळे करणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिन कॉलमच्या जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) आधी रेसेमिक नमुना चालवा. दोन शिखरं ५०:५० आली नाहीत, तर पुढचा एकही आकडा लिहू नका.