मोठे ब्लूगिलच का मेले? तळ्याची नोंद, मे ते जुलै

आमचं तळं मध्य इलिनॉयमध्ये आहे. जेमतेम एकरभर, सगळ्यात खोल जागी साडेतीन मीटर, एका अंगाला मक्याचं शेत. त्यात लार्जमाउथ बास हे शिकारी मासे आहेत, थोडे रेडइअर आहेत आणि ज्यांच्यासाठी एवढी वर्षं घातली ते ब्लूगिल आहेत. रेडइअर आणि ब्लूगिल दोन्ही सनफिश, इकडचे गोड्या पाण्यातले चपटे मासे. गेल्या शरद ऋतूत दहा इंची नर हाताला लागायला लागले होते. या उन्हाळ्यात नेमके तेच मरायला लागले.

मे अखेर

पाणी २२ अंश सेल्सिअसवर गेलं आणि उत्तर काठाच्या उथळ भागात घरट्यांची वसाहत उठली. नर शेपटीने गाळ झाडून फूटभर रुंदीची वाटोळी जागा साफ करतो, मादी तिथे अंडी टाकून निघून जाते आणि पुढचं सगळं नरावर पडतं. पिल्लं पोहून बाहेर पडेपर्यंत तो तिथून हलत नाही, जवळजवळ खात नाही, शेजारच्या नरांना आणि अंडी चोरायला येणाऱ्या छोट्या ब्लूगिलना हुसकावत राहतो. एक घरटं रिकामं झालं की थोड्या दिवसांनी पुन्हा नवीन.

याच आठवड्यात पहिला मेलेला मासा काठाला लागला. नर, साडेनऊ इंच. मग रोज सकाळी एक, कधी दोन, कधी एकही नाही. एकाच सकाळी ढीगभर मासे वर आले असं एकदाही झालं नाही.

जून, पहिला पंधरवडा

तळ्यात मासे मरायला लागले की सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द ऑक्सिजनचा येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. तिकडे भारतात ज्यांच्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत त्यांनी हे पाहिलेलं असेल: दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं, वारा पडलेला आणि पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. ऑक्सिजन कमी पडला की मोठे मासे आधी जातात, हेही खरं. म्हणून मी पहाटे उजाडायच्या आत मीटर लावला. पृष्ठभागाजवळ लिटरला सहा मिलिग्रॅमच्या वर, दीड मीटरवर पाचच्या आसपास. चोवीस अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त साडेआठच्या आत-बाहेर मावतो, म्हणजे पहाटेच्या वेळेला हा आकडा चांगला आहे. तीनच्या खाली गेला असता तर काळजी होती. आणि ऑक्सिजनने मारलं असतं तर एका रात्रीत मारलं असतं, मोठे बासही सोडले नसते. बास ठणठणीत आहेत.

दुसरा संशय मक्यावरच्या फवारणीचा. पाऊस पडला की त्या अंगाचं पाणी तळ्यात उतरतं. पण विषाचा हिशेब साधारण उलटा असतो, आधी पिल्लं आणि लहान मासे जातात. पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असेल तर पाण्यातले किडे आणि झिंग्यासारखे क्रेफिशसुद्धा राहत नाहीत. मी काठाचं गवत जाळीने झाडून पाहिलं. चतुरांच्या अळ्या, बेडकाची पिल्लं, क्रेफिश, सगळं जिवंत. अमोनिया शून्य, सकाळचा पीएच ७.८. पाण्याच्या चाचण्यांतून यापुढे काही निघणार नाही हे मला इथेच कळलं. कोण मरतंय, किती मरतायत आणि केव्हा, याकडे बघायला हवं होतं.

घरट्यांवर गळ टाकून काढलेले मासेही नंतर मरतात, विशेषतः कोरड्या हातांनी अंगावरचा चिकट थर पुसला गेला तर. पण आमच्याकडे मे-जूनमध्ये उत्तर काठावर गळ टाकायचा नाही, हा नियम जुना आहे आणि पाहुणेही तो पाळतात.

मग मेलेले मासे उघडायला घेतले. कल्ले अजून लाल आहेत असेच घेतले, कारण रात्रभर तरंगलेल्या माशावरून काहीच सांगता येत नाही. पाण्यातली बुरशी आणि जिवाणू त्याला आधीच खायला लागलेले असतात. जवळजवळ सगळे नर. पोटात अन्न नाही, आतड्याभोवती एप्रिलमध्ये असते तशी चरबी नाही. शेपटीची खालची कड झिजलेली, ती घरटं झाडण्यामुळे. अंगावर एकमेकांच्या चाव्यांच्या खुणा. आणि पाठीच्या पराभोवती राखाडी-पांढरा पट्टा, काहींच्या तोंडाशी पिवळट थर. हा पट्टा पाहिल्यावर माझ्या मनात कॉलमनॅरिस या जिवाणूजन्य रोगाचं नाव आलं. पट्ट्याच्या कडेचं थोडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर लांब, बारीक जिवाणू सरपटत होते आणि ठिकठिकाणी गवताच्या गंजीसारखे रचले जात होते.

वय मोजायचं होतं म्हणून डोक्यातले कानाचे खडे काढले, मधोमध मोडून बारीक पॉलिश कागदावर घासले. सहा ते सात वलयं. आमच्या भागातल्या ब्लूगिलसाठी हे म्हातारपणच. काही दहा-अकरा वर्षं जगतात, पण ते थोडे.

जून अखेर

एक आजारी पण जिवंत नर सापडला. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून त्याला माशांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत पोचवलं. ज्यांना असा नमुना द्यायचा असेल त्यांनी लक्षात ठेवा: जिवंत मासा सगळ्यात उत्तम, नाहीतर आत्ताच मेलेला, बर्फावर ठेवलेला. फ्रीझरमध्ये घालू नका.

अहवालात कल्ल्यांवर आणि कातडीवर फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलमनॅरी, म्हणजे कॉलमनॅरिसचाच जिवाणू, आणि मूत्रपिंडात एरोमोनास हा दुसरा जिवाणू. विषाणूच्या चाचणीत काही आलं नाही. लार्जमाउथ बास व्हायरसची धास्ती मला होती. तो १९९५ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या सँटी कूपर जलाशयात मोठ्या बासच्या मरतुकीत सापडला होता. ब्लूगिल तो आजारी न पडता अंगात बाळगू शकतात. तो नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडला.

पण हे दोन्ही जिवाणू तळ्यात बारा महिने असतात. मग आत्ताच का, आणि यांनाच का? माझं मत असं झालंय की जिवाणूने शेवटचा धक्का दिला, खरं मारलं ते घरट्याने. उपाशी, जखमी, चरबी संपलेला सात वर्षांचा नर, त्यात पाणी चोवीस-पंचवीस अंशांवर, म्हणजे या जिवाणूला हवं तसं. मादी अंडी टाकून खोल पाण्यात जाते, छोटे नर घरटीच बांधत नाहीत, म्हणून ते वाचतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घरटी ओस पडली आणि मरतूकही थांबली. याहून मोठा पुरावा मला मागता येत नाही.

आता पुढे

काही नर नाहीतरी म्हातारपणाने जाणारच होते, मग एवढं का लावून घ्यायचं? कारण तळ्यातल्या ब्लूगिलचा आकार या नरांवर टिकून असतो. इलिनॉय नॅचरल हिस्टरी सर्व्हेच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवलं की मोठे नर आजूबाजूला असले की लहान नर वयात येणं लांबवतात आणि तोवर वाढत राहतात. मोठे गेले की लहान लवकर वयात येतात, ताकद वाढीऐवजी प्रजननाला लावतात आणि काही वर्षांत तळं पाच इंची माशांनी भरतं. एकदा तसं झालं की परत आणणं फार अवघड. ब्लूगिल हा या राज्याचा मासा, पण राज्यभरातल्या कितीतरी तळ्यांत तो बोटभरच उरलाय.

औषध टाकलेलं नाही. प्रतिजैविक असलेलं खाद्य इथे पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि जो मासा खातच नाही त्याच्या पोटात ते जाणार कसं? पोटॅशियम परमँगनेटचा विचार केला आणि सोडून दिला. एकरभर गढूळ पाण्यात त्याची मात्रा नीट बसवणं कठीण, चुकली तर चांगले मासेही जातील.

त्याऐवजी पुढच्या वर्षी पाणी पंधरा अंशांवर गेल्यापासून, घरटी लागायच्या बऱ्याच आधी, जास्त प्रथिनांचं गोळीखाद्य सुरू करणार आहे, म्हणजे नर भरल्या अंगाने घरट्यावर बसतील. आठ इंचांवरचा एकही नर या वर्षी ताटात जाणार नाही, खायला लहानच काढू. ऑक्टोबरमध्ये जाळं लावून किती मोठे उरले ते मोजेन, सात-आठ इंचांची पुढची फळी किती भरली आहे तेही. आकडे पुढच्या नोंदीत येतील. कुणाच्या तळ्यात मे-जूनमध्ये असेच फक्त मोठे नर गेले असतील तर पाण्याचं तापमान, माशाचं लिंग आणि पाठीवर पट्टा होता का, एवढं जरूर कळवा.