जड कामे दुसऱ्याच्या हाती देताना

साठी उलटल्यावर बागेतली कोणती कामे सोडायची, हा प्रश्न कोकणातल्या वाडीवाल्यांपुढे हल्ली जरा लवकरच येऊन ठाकतो, कारण पुढची पिढी पुण्या-मुंबईला आणि वाडी मात्र आपल्या गळ्यात, अशी निम्म्या घरांची स्थिती आहे. रत्नागिरीजवळ आमचा पसारा फार मोठा नाही. थोडे माड, थोड्या पोफळी म्हणजे सुपारीची झाडे, हापूसची जुनी कलमे आणि परसातली भाजी, एवढेच. तरीही माझे मत असे झाले आहे की, जड काम दुसऱ्याला द्यायचे असेल तर ते आपल्याला स्वतःला जमत असतानाच द्यावे. तेव्हा शेजारी उभे राहून दाखवता येते, काम कच्चे झाले तर लगेच कळते आणि माणूस पटला नाही तर दुसरा शोधायला सवड असते. गुडघे पूर्ण बसल्यावर शोधाशोध सुरू केली की मिळेल तो माणूस आणि तो सांगेल तो दर, हे ओघाने आलेच.

मी सर्वांत आधी सोडली ती उंचावरची कामे. पहार मारताना दमलो तर माणूस बसतो; शिडीवर, त्यातून रक्तदाबाची गोळी चालू असताना, चक्कर आली तर बसायला जागा नसते.

माडाचे काम पाडेल्याकडे, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याकडे, असतेच, पण त्याच्याकडून नेमके काय करून घ्यायचे हे फार थोडे लोक ठरवतात. माडाला साधारण महिन्याला एक नवे झाप म्हणजे पान फुटते आणि घडही त्याच क्रमाने येतात, त्यामुळे दीड महिन्याने पाडप, म्हणजे नारळ उतरवणी, केली तरी चालते. नारळ खाली टाकून सरसर उतरणे हे अर्धेच काम झाले. वाळलेली झापे काढणे, शेंडा साफ करणे आणि गेंड्या भुंग्याचे भोक दिसते का ते पाहणे, हे उरलेले अर्धे. नवे पान उलगडल्यावर कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसले, तर भुंगा कोंबात शिरून गेला आहे असे खुशाल समजावे. कोवळ्या झापांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घालण्याची शिफारस आहे, आणि तेही पाडेल्यालाच करावे लागते. मी त्याचे पैसे वेगळे ठरवतो. पाडपीच्या दरात ते ढकलले की काम होत नाही, असा अनुभव आहे.

पाडेली मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये तरुणांना यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, ती याच टंचाईमुळे. चढणाऱ्यांसाठी मंडळाची 'केरा सुरक्षा' नावाची अपघात विमा योजनाही आहे. आपला पाडेली त्यात आहे का, हे विचारायला वाडीवाल्यांना संकोच वाटतो. मला तो वाटत नाही. आपल्या झाडावरून माणूस पडला तर त्याच्या घरच्यांसमोर आपल्यालाच उभे राहायचे असते. खोड ओले असताना चढू नको, हे सांगण्याची जबाबदारीही मालकाचीच, मग घरात कार्य असो की गणपती.

कलमांची छाटणी हे ताकदीपेक्षा नजरेचे काम आहे. जाड फांदी तोडताना आधी खालच्या बाजूने खाच घ्यायला लावावी, नाहीतर फांदी आपल्याच वजनाने साल सोलत खाली येते आणि त्या जखमेतून भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, शिरायला वाट मिळते. कापलेल्या जागी लावायची बोर्डोची (बुरशीनाशक) पेस्ट मी स्वतः कालवतो: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवावे, लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात विळ्याचे पाते क्षणभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. करवत चालवणारा दुसरा असला तरी ही परीक्षा बसल्या जागी करता येते आणि करावीच.

जमिनीवरच्या कामांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जांभ्यातला खड्डा पहारीने खणण्याचा हट्ट आता सोडावा. दिवाळीच्या सुमारास बागांत नेपाळी गडी येतात, ते ही कामे चोख करतात; मात्र दिवसाची मजुरी, चहा-न्याहारी आणि सुट्टीची वेळ पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्यावी. बेणणीसाठी, म्हणजे गवत काढण्यासाठी, ग्रासकटरवाला बोलावला तर तो डोळ्यांना चष्मा लावतो का हे पाहावे, कारण आमच्याकडच्या जमिनीत खडा उडतोच. लहान कलमांभोवतीचे हातभर गवत मी विळ्याने स्वतः काढतो. यंत्राचे पाते एकदा बुंध्याला लागून साल निघाली, तर ते रोप पुढे वर्षभर रडत राहते.

पोफळीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पावसाळ्यात कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारी कुजून गळण्याच्या रोगासाठी, शिंपुटांवर (सुपारीच्या घडांवर) बोर्डोची फवारणी करायची, तर बारीक, उंच आणि हलत्या खोडावर चढणारा माणूस लागतो, आणि असे जुने चढणारे आता माझ्याच वयाचे झाले आहेत. पाऊस सुरू होण्याआधी शिंपुटांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधण्याचा दुसरा उपाय आहे. पण त्यासाठीही एकदा तरी वर जावेच लागते, म्हणून यंदा मे महिन्यात निदान घराजवळच्या पोफळींना तरी पिशव्या बांधून घ्याव्यात, असे पाडेल्याशी बोलणे चालू आहे.