गुडघा नेमका कुणापुढे?

लग्नाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत जवळजवळ प्रत्येक रविवारी मी एका कॅथॉलिक चर्चमध्ये बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसत आले आहे. ही जागा मी अनुभवाने शोधलेली. सुरुवातीला मधे बसायचे, मग परमप्रसादाची, म्हणजे पुढे जाऊन फादरकडून पांढरी चकती घ्यायची, वेळ झाली की अख्खा बाक उठायचा आणि मी तेवढी बसून, पाय एका बाजूला घेऊन, लोकांना वाट करून देत. "सॉरी सॉरी" म्हणत माणसं माझ्या गुडघ्यांवरून जायची आणि परत यायची. भिंतीकडे ती कटकट नाही.

मी कॅथॉलिक नाही. प्रोटेस्टंट घरातली, त्यातही पाळकाची मुलगी.

माहेरी कॅथॉलिकांबद्दल कुणी वाईट बोलायचं नाही, पण एक सूर असायचा. "आपलीच माणसं आहेत ती, पण..." आणि त्या 'पण'च्या मागे यादी. येशूच्या आईची, मारियेची पूजा करतात. मूर्तीपुढे गुडघे टेकतात. पाप करायचं, फादरच्या कानात सांगायचं, मोकळे. बायबल वाचत नाहीत. पोप चुकतच नाही म्हणतात. मीही ती यादी पाठ असलेलीच सासरी गेले. आज ती यादी निम्मी चूक वाटते. आणि जे खरं वेगळेपण आहे ते त्या यादीत नव्हतंच.

आधी मूर्ती, कारण डोळा पहिल्यांदा तिथेच जातो. आमचं चर्च म्हणजे पांढऱ्या भिंती, रिकामा क्रूस, संदेश द्यायचं व्यासपीठ. इथे क्रूसावर जखमांसकट ख्रिस्त, वेदीच्या डावीकडे निळ्या शालीतली मारिया, तिच्यापुढे मेणबत्त्या. पहिल्याच रविवारी नवरा बाकात शिरायच्या आधी थांबला, उजवा गुडघा थेट जमिनीला लावला, उठला, बसला. सासूबाईंनीही तेच केलं, एक हात बाकावर टेकून, कारण त्यांचे गुडघे दुखतात. मला वाटलं, आलं, बाबा म्हणायचे तेच हे. मारियेपुढे. मी काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून जवळजवळ दोन वर्षं मी मनातल्या मनात हाच हिशेब धरून बसले होते.

तो हिशेब मोडला गुड फ्रायडेला. त्या दिवशी कॅथॉलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे परमप्रसादाची नेहमीची उपासना, होत नाही, दुपारची वेगळी उपासना असते. आम्ही जरा लवकर पोचलो. वेदीवर कापड नाही, मेणबत्ती नाही. सासूबाई पुढे, मी मागे. बाकापाशी त्या थांबल्या आणि गुडघा न टेकता सरळ आत जाऊन बसल्या. मला वाटलं, आज जास्त दुखत असेल. मग नवराही तसाच बसला. मारिया जागच्या जागी होती, निळ्या शालीसकट. काही ठिकाणी त्या दिवसांत पुतळे कापडाने झाकतात, आमच्याकडे झाकत नाहीत. मग बदललं होतं काय?

सासूबाईंना हळूच विचारलं. त्यांनी वेदीच्या मागे बोट केलं. तिथे भिंतीत सोनेरी दाराची एक छोटी पेटी आहे, तिच्याजवळ कायम एक लाल दिवा असतो. मी ती सामान ठेवायची जागा समजत होते, खरंच. त्या दिवशी तिचं दार सताड उघडं होतं, आत काही नव्हतं, आणि दिवा विझलेला. "आज प्रभू तिथे नाही," त्या म्हणाल्या, आपण 'आज दुकान बंद आहे' म्हणतो त्या सहजतेने.

म्हणजे गुडघा मारियेपुढे कधी टेकलाच जात नव्हता. तो त्या पेटीपुढे, आत ठेवलेल्या परमप्रसादापुढे. पुतळा तिथेच असताना गुडघा टेकला गेला नाही, याहून मोठा पुरावा मला कुठल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात मिळाला नसता.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा वाद आमच्या प्रोटेस्टंट मंडळींच्याही कितीतरी आधीचा. 787 साली निकाया इथल्या दुसऱ्या परिषदेने ठरवलं की प्रतिमेला मान द्यावा, पण आराधना फक्त देवाची, आणि प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्याकडे पोचतो. धर्मशास्त्रात याला वेगवेगळे शब्द आहेत: देवाची ती लात्रिया, संतांना द्यायचा मान तो दुलिया, आणि मारियेला त्याहून थोडा वरचा. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "शब्द तीन केले म्हणून गुडघे तीन प्रकारे वाकतात का?" प्रश्न खोटा नाही. रांगेत उभं राहून मेणबत्ती लावणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हे तीन कप्पे नीट वेगळे असतील असं मलाही वाटत नाही. आणि कॅथॉलिक मित्रमंडळी "आपण आईचा फोटो जपतो ना, तसंच" असं म्हणतात ते मला कधीच पटलेलं नाही. आईच्या फोटोकडे कुणी नोकरी मागत नाही.

पण बाबांचा एक मुद्दा मात्र सपशेल पडला. त्यांचं लहानपणापासूनचं म्हणणं, की दहा आज्ञांतली मूर्तीविरुद्धची दुसरी आज्ञा कॅथॉलिकांनी गाळली आणि दहा भरायला शेवटच्या आज्ञेचे दोन तुकडे केले. मी सासरचं बायबल उघडून निर्गमाचा विसावा अध्याय दाखवला, वचन जागेवर होतं. फरक आहे तो मोजणीचा. संत ऑगस्टीनच्या पद्धतीने मोजलं की मूर्तीचं वचन पहिल्या आज्ञेतच येतं. आणि ज्याच्यापासून आम्ही प्रोटेस्टंट सुरू झालो त्या खुद्द मार्टिन लुथरने आपल्या 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत आज्ञा मोजल्या त्या अशाच. लुथरचं नाव निघाल्यावर बाबा चष्मा पुसायला लागले. पाळकाच्या घरात याला पराभव म्हणतात.

जपमाळेचं सांगते. सासूबाईंची माळ लाकडी आहे, मणी बोटांनी गुळगुळीत झालेले. एकदा त्या झोपलेल्या असताना मी मोजले: एकोणसाठ, आणि खाली क्रूस. त्यातले त्रेपन्न मणी मारियेच्या प्रार्थनेचे. 'व्यर्थ बडबड करू नका' हे मत्तयातलं वचन अर्थातच माझ्या जिभेवर होतं. मग मी ती प्रार्थना शब्द-शब्द ऐकली. पहिला अर्धा भाग म्हणजे देवदूताचं आणि मारियेच्या नात्यातल्या अलीशिबेचं मारियेला केलेलं अभिवादन, लूकच्या पहिल्याच अध्यायातलं. ते तर मला रविवारच्या शाळेपासून येतं. दुसऱ्या भागात मारियेकडे एकच मागणं आहे, की आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी प्रार्थना कर. 'दे' नाही, 'प्रार्थना कर' आहे. मी आता सासूबाईंबरोबर बसते. पहिला भाग म्हणते, दुसऱ्याला गप्प होते. देव आणि माणसात मध्यस्थ एकच, हे तीमथ्यातलं वचन मला ओलांडवत नाही. त्यांना हे माहीत आहे. त्या दुसरा भाग जरा मोठ्याने म्हणतात, माझ्या वाटणीचाही.

कन्फेशनबद्दल माझं मत सगळ्यात जास्त फिरलं. बाहेरून ते स्वस्त दिसतं: सांगितलं, सुटलं. पण ईस्टरच्या आधी नवऱ्याला त्या रांगेत उभा पाहिलाय मी. घरात मोठ्या आवाजात बोलणारा माणूस तिथे पेपरला बसायच्या आधीच्या मुलासारखा दिसतो. पश्चात्ताप नसेल आणि पुन्हा न करायचा निश्चय नसेल तर क्षमा लागू होत नाही, असं त्यांची शिकवणूकच सांगते. आणि ऐकलेलं फादरला कुणालाही सांगता येत नाही, जीव गेला तरी. आमच्याकडे काय होतं? आम्ही सगळे मिळून एका सुरात म्हणतो की आम्ही पाप केलं आहे. आम्ही. त्या 'आम्ही'मध्ये लपायला केवढी जागा असते हे मी तीस वर्षं अनुभवलंय. मला अजूनही वाटतं की क्षमेसाठी खिडकीपलीकडच्या माणसाची गरज नाही. पण 'स्वस्त' हा शब्द मी परत वापरला नाही.

बायबल वाचत नाहीत, हे तर सरळ चूक. घरी किती उघडतात ते सोडा, पण रविवारच्या मिस्सामध्ये जुन्या करारातलं वाचन, स्तोत्र, पत्रांतलं वाचन आणि शुभवर्तमान, एवढं होतंच, आणि सगळं तीन वर्षांच्या चक्रात आखलेलं. हे चक्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 साली आलं. पुढे कित्येक प्रोटेस्टंट चर्चनी त्यावर बेतलेलं वाचनांचं कोष्टक वापरायला घेतलं. त्यामुळे एखाद्या रविवारी मी इथे जे शुभवर्तमान ऐकते त्यावरच बाबा तिकडे संदेश देत असतात. फोनवर आम्ही ताडून पाहतो.

पोपचं थोडक्यात. 'कधीच चुकत नाही' असं कुणी म्हणत नाही. 1870 च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं ते एवढंच, की पोप आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने, सगळ्या चर्चसाठी, श्रद्धेची किंवा नीतीची बाब कायमची ठरवतो तेव्हा तो चुकत नाही. त्यानंतर असं घडलं ते एकदाच, 1950 साली, मारियेच्या स्वर्गारोहणाबद्दल. मला तेही पटत नाही. पण जे पटत नाही ते नेमकं काय आहे, एवढं तरी आता माहीत आहे. तशीच 'निष्कलंक गर्भधारणा'. लग्नानंतरही बरीच वर्षं मी ती येशूच्या जन्माबद्दल समजत होते. ती खुद्द मारियेची, तिच्या आईच्या पोटातली सुरुवातच पापाविना झाली, याबद्दल आहे. (काही कॅथॉलिक नातेवाइकांनाही हे मीच सांगितलं. त्याची मजा वेगळी.)

आता खरी गोष्ट, म्हणजे ती पेटी.

नणंदेच्या लग्नात माझी एक मैत्रीण आली होती, ख्रिस्ती नसलेली. तिला ते चर्च माझ्यापेक्षा पटकन आपलंसं वाटलं. पुतळे, मेणबत्त्या, धूप, काहीच खुपलं नाही. परमप्रसादाची रांग लागली तशी तीही उभी राहिली. पांढरी पातळ चकती हातात मिळाली, तिने ती कपाळाला लावली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. आईला घरी न्यायची म्हणून. शेजारच्या बाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पाच मिनिटांनी एक सेवक अतिशय हळू आवाजात तिला पर्स उघडायला सांगत होता. तिने इतक्या आदराने घेतलं होतं, आणि तरी आपण काहीतरी भयंकर केलं हे तिला त्या माणसाच्या थरथरत्या हातांवरून कळलं. तिचे डोळे भरून आले. "प्रसादच ना?" ती मला विचारत राहिली.

नाही. त्यांच्या दृष्टीने तो ख्रिस्त आहे. भाकरीसारखं दिसणारं, भाकरीच्या चवीचं, पण भाकरी न राहिलेलं. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने हे शब्दांत मांडलं, 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पुन्हा ठासून सांगितलं. मैत्रीण त्याला प्रसाद समजली, मी अकरा वर्षांपूर्वी प्रतीक समजत होते. दोघीही बाहेरच्याच.

आमचं घर लुथरच्या नव्हे, त्याच्याच काळातला स्विस सुधारक झ्विंगली याच्या बाजूचं. 1529 साली मारबर्गच्या किल्ल्यात हे दोघे समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झालं. पंधराव्यात, प्रभुभोजनापाशी (परमप्रसादाला आमच्याकडे हे नाव), गाडी अडली. 'हे माझं शरीर आहे' हे शब्द लुथरने टेबलावर खडूने लिहून ठेवले होते, आणि त्यातल्या 'आहे'वरून तो हलायला तयार नव्हता. झ्विंगली म्हणे, 'आहे' म्हणजे 'दर्शवतं'. म्हणजे त्या लाल दिव्याच्या प्रश्नावर आमचे आम्हीही फुटलो. पुतळे, माळा, पोप यांवर वर्षानुवर्षं बोललो, कारण त्यावर बोलणं सोपं. डोळ्यांना दिसतं.

मला परमप्रसाद देत नाहीत याचं पूर्वी वाईट वाटायचं. माझा बाप्तिस्मा त्यांनी मान्य केला, पुन्हा दिला नाही, मग पंगतीतून का उठवायचं? आता वाटत नाही. हातावर ठेवताना फादर 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणतात आणि उत्तर द्यायचं असतं 'आमेन', म्हणजे 'होय, तसंच आहे'. जे मला म्हणता येत नाही ते न म्हणता बसून राहणं बरं.

मागच्या महिन्यात मुलीचा पहिला परमप्रसाद झाला. मुलं कॅथॉलिक वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असं वचन नवऱ्याने लग्नाआधी दिलं होतं. ते बाबांना तेव्हा फार लागलं होतं. येतील का नाही, धाकधूक होती. आले, शर्टाचं वरचं बटण लावून, स्वतःचं बायबल घेऊन. उशीर झाल्यामुळे भिंतीकडची जागा गेली होती, आम्ही दोघं बरोबर मधे अडकलो. बाकात शिरताना बाबा क्षणभर थांबले, लाल दिव्याकडे पाहिलं. मी त्यांना गुड फ्रायडेची गोष्ट कधीतरी सांगितली होती. गुडघा अर्थातच टेकला नाही. पण टोपी बाहेर काढायची राहिली होती ती काढली.

निकायाचा विश्वासांगीकार, म्हणजे दोन्हीकडे म्हटलं जाणारं श्रद्धेचं कबुलीवचन, सुरू झाला तसे ते पुस्तकात न बघता खणखणीत आवाजात म्हणू लागले, इतके की पुढच्या बाकावरची दोन मुलं वळून बघायला लागली. मग रांग लागली. बाक उठला. आम्ही दोघांनी पाय एका बाजूला घेतले, माणसं "सॉरी सॉरी" म्हणत गेली. पांढऱ्या झग्यातली मुलगी हात जोडून आमच्या ओळीशेजारून गेली, आमच्याकडे न बघता, कारण तिला तसं शिकवलं होतं.

बाबा तिच्याकडे बघत होते. ती नजरेआड झाल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाले, "वाचनं चांगली होती. संदेश फारच आखूड."