टीबीचा संपर्क शोध आणि हातातला मोबाइल

रजिस्टर जाऊन मोबाइल आला तेव्हा आम्हा घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी काहींनी नाकं मुरडली. मी मात्र खूश होते. दिवसभर कागदावर टिपायचं, संध्याकाळी तेच रजिस्टरात उतरवायचं आणि मग बेरजा जुळवत बसायचं, याचा वीट आला होता.

काम ठरलेलं. फुप्फुसाचा टीबी निघालेल्या रुग्णाच्या घरी जायचं आणि उपचार सुरू होण्याआधीच्या ३ महिन्यांत त्याच्यासोबत एका छताखाली कोण कोण राहिलं ते शोधायचं. मग मोबाइलमधल्या फॉर्मवर प्रत्येकाची लक्षणं विचारायची: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. एकालाही ‘हो’ आलं की थुंकीच्या नमुन्याचं पान आपोआप उघडतं. रेंज नसली तरी फॉर्म फोनमध्ये साठतो.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट लहान मुलांची. वय ५ पेक्षा कमी टाकलं की नाव लाल होतं, लक्षणं असोत वा नसोत. त्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचंच आणि आजार नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक गोळ्या. कागदाच्या काळात ‘चांगलं खेळतंय की’ म्हणून असं मूल हमखास राहून जायचं.

फॉर्मचा पहिलाच प्रश्न मात्र चुकीचा आहे, असं माझं ठाम मत. ‘घरात किती माणसं?’ एका घरी आजी म्हणाल्या, ‘चार.’ पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’. नजर सारखी माझ्या फोनवर. शेवटी विचारलंच, ‘ही नावं कुठं जातात गं?’

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ही माहिती दवाखान्यातच राहते, शेजारीपाजारी कुणाला कळत नाही, हे सांगितलं आणि फोन पिशवीत टाकला. मग सहज विचारलं, ‘रात्री कोण कुठं झोपतं?’

‘पुतण्या असतो ना, रुग्णाच्याच खोलीत. जेवायला तेवढा स्वतःच्या घरी जातो.’

पाचवं नाव घालायला मागे जाऊन आकडा बदलावा लागला. तेव्हापासून आधी गप्पा, फॉर्म नंतर.

पुतण्याला खोकला होताच, पण नमुन्यात काही निघालं नाही. तरी त्याचं नाव यादीतून गेलेलं नाही. लागण झालेल्यांपैकी ज्यांना आजार होतो, त्यांना तो बहुतेक पहिल्या २ वर्षांत होतो, म्हणून पुढच्या तपासणीची तारीख आली की फोन आठवण करून देतो. मी त्याला कॉल लावते. कधी उचलतो, कधी आजींना निरोप द्यावा लागतो.