सर्टिफिकेट कोणी मागत नाही, तरी मी दोनदा परीक्षा दिली

आधीच सांगते, आपल्याकडे कुत्र्यांचं ग्रूमिंग करायला लायसन लागत नाही. पेट शॉपसाठी 2018 चे नियम आहेत, पण ते प्राणी विकणाऱ्यांसाठी, केस कापणाऱ्यांसाठी नाही. म्हणजे क्लिपर (केस कापायचं मशीन) विकत घेतलं की झाला ग्रूमर, मी पण तशीच झाली. नागपूरला त्रिमूर्ती नगरात माझं लेडीज पार्लर होतं, लॉकडाउनमध्ये बसलं, घरच्या बर्फीचे (शिट्झू आहे) केस मीच कापायला लागली, मग शेजारच्या काकूंचा पॉमेरियन आला आणि बघता बघता धंदाच बदलला.

दोन वर्षं मस्त चाललं. मग मे महिना, बाहेर 45 डिग्री, सकाळपासून चौथा कुत्रा. एका कॉकर स्पॅनियलच्या पोटावर 10 नंबरचं ब्लेड फिरवत होती आणि ब्लेड किती तापलंय ते मी हात लावून पाह्यलंच नाही. रात्री फोन आला, पोटावर लाल चट्टा उठलाय आणि तो चाटून चाटून जखम करून घेतोय. याला क्लिपर बर्न म्हणतात हे मला त्यांच्या डॉक्टरांकडून कळलं! पैसे परत केले, औषधाचेही दिले, पण लाज काही जाईना. दर थोड्या वेळाने ब्लेड आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, गरम लागलं की बदलायचं, एवढं साधं होतं ते.

तर कोर्स लावला आणि पुण्यात परीक्षेला नाव दिलं. थिअरी इंग्रजीत, दहावीच्या पोराशेजारी बसून पाठ केली. सगळ्यात जास्त घोळ नंबरांचा, कारण माणसांच्या मशीनच्या गार्डचा नंबर वाढला की केस लांब राहतात आणि कुत्र्यांच्या ब्लेडचा वाढला की बारीक होतात. 10 नंबर साधारण दीड मिलिमीटर ठेवतं, 40 नंबर म्हणजे ऑपरेशनच्या आधी डॉक्टर वापरतात तसं, जवळपास तासलेलंच. पंधरा वर्षांची पार्लरची सवय मोडायची म्हणजे काय ते मलाच माहीत. दुसरी गोष्ट जंतुनाशकाची. मी फवारा मारला की लगेच पुसायची, पण बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिली आहेत (माझ्यावाल्या बाटलीवर 10) तेवढा वेळ टेबल ओलं राहिलं तरच जंतू मरतात, नाहीतर नुसता वास.

पण खरी कसरत कुत्रा न्यायची. प्रॅक्टिकलला कुत्रा आपणच आणायचा, आंघोळ घालून, विंचरून, पण केस वाढलेले पाहिजेत. दोन महिने बर्फीला हात लावला नाही, उन्हाळ्यात ती चालती फरशी पुसणी झाली होती. रेल्वेत कुत्रा फर्स्ट एसीत पूर्ण कूपे घेतला तर चालतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. चपट्या नाकाच्या, गरमीत लगेच धाप लागणाऱ्या कुत्रीला त्या पेटीत टाकायचं? नाही बापा. शेवटी भाऊजींच्या गाडीने समृद्धीवरून गेलो, एसी फुल, दर दोन तासांनी थांबून पाणी, आणि भाऊजी वाटेत विचारतात, "वहिनी, एवढ्या खर्चात तर नवीन पार्लर झालं असतं, नाही का?"

पहिल्यांदा नापास. कटिंग चांगलं झालं होतं, पण मागच्या ट्रेवरची कात्री घ्यायला वळली आणि बर्फीवरचा हात सुटला. दोन सेकंद असेल. परीक्षक मॅडमनी तिथेच थांबवलं. तेव्हा खूप राग आला, घरी येईपर्यंत तोंड फुगवून होती. पण टेबलवरून उडी मारणारं कुत्रं टेबलाच्या दांड्याला बांधलेल्या गळ्यातल्या पट्ट्याला लटकतं हे आठवलं की राग आपोआप विरतो. सहा महिन्यांनी परत गेली, सगळी हत्यारं उजव्या हाताशी मांडली, पास झाली.

सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, आजवर एकाही गिऱ्हाईकाने वाचलं नाही. उलट काम कमी झालं म्हणा. मागच्या एप्रिलमध्ये मनीष नगरचे एक दादा हस्की घेऊन आले, "पूर्ण टक्कल करून द्या ना ताई, गरम होते त्याले." मी नाही म्हटलं. हस्कीच्या केसांचे दोन थर असतात, त्यातला वरचा कोट ऊन अडवतो, तासला तर कातडी भाजते आणि काहींचे केस परत नीट येतच नाहीत. आतला मेलेला लोकर-लोकर कोट ब्रश आणि ब्लोअरने काढते, तेवढ्याने हवा खेळते. "काहून नाही करत, पैसे देतो ना!" म्हणाले आणि दुसरीकडे गेले.

आता दरवर्षी थोडं थोडं शिकणं चालू आहे, फर्स्ट एड झालं, त्वचेचे आजार झाले, रेबीजची, कुत्रं चावायच्या आधीच घ्यायची इंजेक्शनं पण घेतली (ही तर पहिल्या दिवशीच घ्यायला पाहिजे होती). बाहेरच्या देशातले वेबिनार आपल्याकडे रात्री साडेअकराला, झोपेत काय डोंबल समजणार, तरी बसते. मांजरांचा भाग राहिलाय. त्यातलं पहिलंच पान वाचलं, कुत्र्यांच्या गोचिडाच्या औषधात परमेथ्रिन असलं तर ते मांजरीला विष, आणि उठून आधी टॉवेल वेगळे केले. पुढचं पान अजून उघडलं नाही, मांजरांची मला खरंच भीती वाटते.