मराठी मडची प्रगती: कोडबेस बदलला आणि वर्गणीचा प्रश्न उभा राहिला

गेल्या तीन महिन्यांतले मोठे काम कोडबेस, म्हणजे खेळ ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्राम, बदलण्याचे झाले. माझा मड, म्हणजे अनेकांनी एकत्र ऑनलाइन आज्ञा लिहून खेळायचा मजकुरी खेळ, आधी मर्कवर, म्हणजे डायकूमड या जुन्या मड-प्रोग्रामच्या एका वंशजावर चालत असे. मर्क खेळाडूच्या आज्ञेतले आस्कीबाहेरचे, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरे-चिन्हांपलीकडचे, सर्व बाइट गाळून टाकतो, त्यामुळे देवनागरीत लिहिलेली आज्ञा सर्व्हरवर रिकामी होऊन पोहोचत असे. ही चाळणी काढणे सोपे होते. परंतु देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात तीन बाइट लागतात, आणि जुन्या सी कोडमध्ये एक अक्षर म्हणजे एक बाइट हे जागोजागी गृहीत धरलेले असल्याने, ठिगळे लावण्याऐवजी मी पायथनमधल्या एव्हेनिया या मड बनवण्याच्या साधनावर सगळे नव्याने मांडले.

त्याबरोबर परवानाही बदलला. कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या डायकूमडच्या जुन्या परवान्यात कोणत्याही भागातून नफा मिळवण्यास मनाई होती. मूळ डायकूमड 2020 मध्ये एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आला तरी मर्कला स्वतःच्या अटी आहेत, म्हणून पैशाचा विषय माझ्यापुरता मिटलेला होता. एव्हेनियाच्या बीएसडी परवान्यात अशी आडकाठी नाही. हे कळताच नियमित येणाऱ्या दोन खेळाडूंनी मासिक वर्गणी देऊ केली, आणि मला पहिल्यांदाच नीट विचार करावा लागला.

पैसे घेऊन चालवलेल्या मडविषयी मला मनापासून आदर आहे. एसेक्स विद्यापीठात 1978 मध्ये सुरू झालेला पहिला मड पुढे कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर ‘ब्रिटिश लेजंड्स’ या नावाने तासावारी शुल्काने खेळला जात असे. जेमस्टोन आजही वर्गणीवर चालतो. 1997 पासून सुरू असलेला अकेया खेळायला विनामूल्य आहे, पण तिथे पैसे देऊन क्रेडिट घेता येतात आणि त्यांतून आपल्या पात्रासाठी वस्तू व कौशल्ये मिळवता येतात. पगारी माणसे असल्यामुळे या खेळांना जी शिस्त आणि जे सातत्य लाभले, ते माझ्यासारख्या एकट्या माणसाला जमणार नाही.

मात्र प्रत्येक पद्धत खेळाच्या नियमांपर्यंत पोहोचते. तासाला पैसे पडत असतील तर लांबलचक प्रवास मालकाच्या फायद्याचा ठरतो. वस्तू विकली की प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण कोणी पैसे मोजून घेतलेल्या तलवारीचा वार पुढे जड वाटला म्हणून कमी केला, तर खेळाचा तोल सावरतो, पण त्या माणसाने विकत घेतलेली वस्तूच आपण बदललेली असते. गेल्या महिन्यात मी मंत्रविद्येची संपूर्ण व्यवस्था एका रविवारी काढून टाकली. चार खेळाडूंची तीन-तीन आठवड्यांची कमाई त्यात गेली. मी प्रत्येकाला आधी कळवले, क्षमा मागितली आणि त्यांनी ते मान्य केले. वर्गणी घेतली असती तर ती व्यवस्था वाईट असूनही मला वर्षभर ठेवावी लागली असती.

पार्सरचेही, म्हणजे आज्ञेचा अर्थ लावणाऱ्या भागाचेही, तसेच आहे. एव्हेनिया आज्ञेचे नाव ओळीच्या सुरुवातीला शोधतो, आणि मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘पेटीतून किल्ली घे’ ही आज्ञा समजण्यासाठी मला स्वतंत्र पार्सर लिहावा लागला आणि ‘झाड’ व ‘झाडाखाली’ यांची सांगड घालण्यासाठी सामान्यरूपांचे कोष्टक करावे लागले. यात पाच आठवडे गेले आणि त्या काळात एकही नवी खोली, म्हणजे खेळातले नवे ठिकाण, उघडली नाही. ग्राहकांना इतके थांबवणे मला योग्य वाटले नसते.

म्हणून वर्गणी नाकारली आहे. सर्व्हरचे भाडे महिना 500 रुपयांच्या आत आहे, ते मीच भरेन. त्या दोन खेळाडूंना मी पैशांऐवजी खोल्यांची वर्णने लिहायला सांगितली, आणि त्यांच्याकडून घाटवाटेच्या सात खोल्या आल्याही आहेत. सध्या ‘विहिरीत दोर सोड’ ही आज्ञा चालते, पण ‘दोर विहिरीत सोड’ म्हटले की पार्सर अडतो. पुढचा पंधरवडा त्या दुरुस्तीसाठी राखून ठेवला आहे.